नांदेड-लातूर भागातील जुने लहान ट्रॅक्टर व हलकी औतकामे

(१)

शिवछत्रपतींनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस इ. स. १६७६ च्या सप्टेंबरात पाठविलेले आज्ञापत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. गावोगाव हिंडून कुणबी गोळा करावे. ज्याच्या अंगी शेत करण्याचे बळ आहे, पण जवळ बैल नाहीत व पोटास दाणा नाही म्हणून जो अडून बसला आहे, त्यास रोख पैका देऊन दोन-चार बैल घेववावे. आणि दिल्या ऐवजावर व्याज न आकारता मुद्दल तेवढे सवडीने फेडून घ्यावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. या पत्राचा विचार बहुधा राजनीतीच्या अंगाने केला जातो, व तो योग्यच आहे. परंतु त्यात शेतीविषयीचे एक साधे सत्यही गृहीत धरलेले आहे, त्याकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. जमीन आहे, माणूस आहे, बियाणेही मिळेल. मात्र ओढणारे कोणी नसेल तर शेत पडीक राहते. 'औत' ही वस्तू कुणब्याच्या घरची केवळ एक मत्ता नसून त्याच्या कुणबीपणाचा आधार होय.

प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत वापरात आलेल्या लहान ट्रॅक्टरांची तुलना योजिली आहे. ताम्रपट, सनदा व महजर यांच्या वाचनास सरावलेल्या वाचकांस हा विषय या पृष्ठांत विजोड वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या कागदांवरून आपण गावांचा इतिहास लिहितो, त्यांपैकी कित्येकांत जमीन, बैल व तगाई यांचीच मोजदाद असते. बैलांची नोंद इतिहासास साधनभूत होत असेल, तर बैलांची जागा घेणाऱ्या यंत्राची नोंद तशी का होऊ नये, हे आम्हांस कळत नाही. शिवाय ही यंत्रे आज झपाट्याने भंगारात जात आहेत. तेव्हा विचार करावयाचा तो आताच केला पाहिजे.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृतातील 'कृष्' या धातूचा मूळ अर्थ ओढणे असा आहे. कृषी, कर्षक, आकर्षण हे सर्व त्याच्याच परिवारातले शब्द. 'ट्रॅक्टर' हा शब्दही लॅटिन भाषेतील ओढणे याच अर्थाच्या धातूपासून निघालेला आहे. म्हणजे शब्दार्थ पाहता ट्रॅक्टर व कर्षक हे एकच होत. यंत्र परदेशी असले तरी त्याच्या नावामागील कल्पना आपल्यास परकी नाही.

परंतु ओढण्याचे बळ मोजावयाचे कशाने? आपल्या प्राचीन ग्रंथांत ते बैलांच्या संख्येने मोजीत. अथर्ववेदात सहा व आठ बैलांच्या नांगराचा उल्लेख येतो. काठक संहितेत चोवीस बैलांच्या नांगराचा येतो. 'कृषिपराशर' या ग्रंथाने तर आठ बैलांचा नांगर धर्मास अनुसरून, सहांचा व्यवहारी माणसाचा, चारांचा निर्दयाचा, व दोहोंचा म्हणजे बैलांचा घातच, अशी प्रतवारी लाविली आहे. मनुस्मृतीत दहा गावांच्या अधिकाऱ्यास एक 'कुल' जमीन वेतनादाखल सांगितली आहे. तिचा अर्थ लाविताना कुल्लूकभट्टाने सहा-सहा बैलांच्या दोन नांगरांनी वाहिली जाणारी भूमी असे म्हटले आहे. ही सारी मापे नांगराची आहेत, तिफणीची वा कोळप्याची नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात या भेदाचे महत्त्व दिसून येईल.

आधुनिक माप अश्वशक्तीचे. अठराव्या शतकात जेम्स वॅट याने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना गिरणीस जुंपलेल्या घोड्यांशी करून हे माप रूढ केले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. चांगली बैलजोडी सतत काम करीत असता सुमारे एक अश्वशक्ती देते, असे सामान्यतः धरतात. या हिशेबाने पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पंचवीस बैलजोड्यांबरोबर झाला. विकणारे हेच सांगतात व घेणारेही हेच ऐकतात. परंतु या गणितात एक चूक दडलेली आहे. पंचवीस जोड्या एकाच सकाळी पंचवीस शेतांत उतरू शकतात. ट्रॅक्टर एका वेळी एकाच शेतात असतो. नांगरटीस ही उणीव बाधत नाही, कारण उन्हाळ्याचे तीन महिने मोकळे असतात. पेरणीस व कोळपणीस ती फार बाधते, कारण वाफसा कोणासाठी थांबत नाही.

(३)

आता या भागाची जमीन व रीत पाहू. नांदेड जिल्ह्यास गोदावरी, मांजरा, मन्याड, लेंडी व उत्तरेस पैनगंगा यांचे पाणी मिळते. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर असून मांजरा, तेरणा व तावरजा या त्याच्या नद्या. (लातूर हा १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झाला, तत्पूर्वी तो त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचा तालुका होता.) नदीकाठी काळी, खोल, चिकण जमीन, माळावर हलकी, मुरमाड. काळी जमीन कोरडी असता दगडासारखी कठीण होते, भेगाळते. ओली असता पायास व चाकास चिकटून बसते. दोहोंमधल्या थोड्या दिवसांतच तीत काम होते. हे दिवस म्हणजेच वाफसा.

या जमिनीस जोगे बैलही याच मातीत निपजले. कंधार भागाचा लाल कंधारी व उदगीर-देवणी भागाचा देवणी हे दोन वाण सर्वश्रुत आहेत. माळेगावची खंडोबाची यात्रा व हाळी-हंडरगुळी येथील गुरांचा बाजार ही त्यांच्या खरेदी-विक्रीची नामांकित ठिकाणे. आमच्या बाळपणी हाळीच्या बाजारातून आणलेल्या जोडीस गावच्या वेशीतच ओवाळीत व मग घरी नेत.

औतकामांचा वार्षिक क्रम असा: नांगरट, मोगडणी, कुळवाच्या म्हणजे वखराच्या पाळ्या, तिफणीने पेरणी, दोन-तीन कोळपण्या, व शेवटी मळणी. यांपैकी नांगरट दर साली होत नसे. भारी काळ्या जमिनीत कुंदा व हरळी माजली म्हणजे काही वर्षांआड चार-सहा बैलांचा मोठा लाकडी नांगर चालवीत, व एरवी कुळवाच्या पाळ्यांवर भागवीत. अर्थात वर्षभराची बहुतेक कामे हलकीच होती. ज्यास आपण बैलांची शेती म्हणतो, ती मुख्यत्वे हलक्या कामांची शेती होती. जड काम हा तिच्यातील विरळ प्रसंग होता.

या जड कामातच पहिला बदल झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, व १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते, असा समज त्या काळी कुणब्यांत होता, व तो मोडण्यास बराच काळ लागला. लातुरास बार्शी लाइट रेल्वे १९११ साली आली. नांदेडास गोदावरी खोऱ्याची रेल्वे त्यापूर्वीच आली होती. लोखंडी अवजारे या प्रांती रुळण्यास या दोन वाटांचे साहाय्य झाले असावे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. कसेही असो, लोखंडी नांगराने जड काम सुलभ केले, पण तिफण, कुळव व कोळपे सुताराच्या हातचेच राहिले. त्यांच्या फासा लोहार शेवटीत असे, व दोघांस खळ्यावर बलुते मिळत असे.

(४)

यंत्र आले तेही जड कामासाठीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या ट्रॅक्टरांतून हिंदुस्थान सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली, व तिच्याकडे मध्य हिंदुस्थानातील कास माजलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम दिले. या कार्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्जही मिळाले. साखळीवर चालणारी ही धूड यंत्रे हलक्या कामाच्या उपयोगाची नव्हती, व तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अमलातून मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९६१ च्या कायद्याने जमीनधारणेस कमाल मर्यादा लागली. मोठ्या वाड्याचे सहा-आठ जोड्यांचे गोठे या घडामोडींत व पुढे भावांच्या वाटण्यांत फुटले. नेमक्या याच काळात भारतात ट्रॅक्टर बनू लागले. आयशरचा पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादेस बाहेर पडला. मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर करणारी टॅफे ही कंपनी १९६० साली मद्रासेस निघाली. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांची कंपनी १९६३ साली मुंबईस स्थापन होऊन तिचा बी-२७५ हा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर १९६५ साली आला. एचएमटीने पिंजोर येथे झेकोस्लोवाकियाच्या झेटरच्या साह्याने १९७१ साली पंचवीस अश्वशक्तीचा २५११ हा ट्रॅक्टर काढला. आणि दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी संशोधन संस्थेने आखलेला स्वराज ७२४ हा पंजाब ट्रॅक्टर्स कंपनीने १९७४ साली बाजारात आणिला. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ट्रॅक्टरासाठी कर्ज मिळणे सुलभ झाले, आणि १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी गोठे रिकामे झाले. हे दोन्ही योग एकमेकांस पूरक ठरले.

(५)

तुलना करावयाची म्हणजे कसोटी ठरविली पाहिजे. अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानाने १९१९ साली कायदा करून सरकारी चाचणीवाचून तेथे ट्रॅक्टर विकण्यास मनाई केली, कारण विक्रेत्यांच्या जाहिराती व यंत्रांची करणी यांत महदंतर पडू लागले होते. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्था करते. या चाचण्यांत ओढ, इंधनाचा खर्च, उचल इत्यादि गोष्टी काटेकोर मोजल्या जातात. परंतु हलक्या कामाच्या दृष्टीने आम्ही चार प्रश्न निराळे विचारतो: यंत्राचे वजन जमिनीस सोसते काय? त्याची चाके पिकाच्या ओळींत बसतात काय? मागचे अवजार हलक्या हाताने उचलता व टेकविता येते काय? आणि बिघडल्यास ते तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होते काय?

या चार प्रश्नांचा उगम एका परदेशी यंत्रात आहे, म्हणून त्याचा निर्देश प्रथम करणे भाग आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाचा टीई-२० हा करडा लहान ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. वजन सव्वा टनाच्या आत. नांगर मागे दोरखंडाने न ओढता तीन दांड्यांनी यंत्राच्या अंगासच जोडावयाचा, म्हणजे नांगराची ओढ मागच्या चाकांवर दाब देते व हलके यंत्रही जड काम करू शकते, ही त्याची युक्ती. अवजार तेलाच्या दाबाने उचलले जाते व किती खोल जावे हेही यंत्रच सांभाळते. त्याच्या चाकांमधील अंतर ४८ इंचांपासून चार-चार इंचांनी वाढवून ७६ इंचांपर्यंत नेता येई. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन. आज आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली 'लिफ्ट' ही या माणसाची देणगी होय. कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर असो, मागे तीन दांड्या फर्ग्युसनच्याच आहेत.

आमच्या भागातील जुन्या लहान ट्रॅक्टरांत आयशर, एचएमटी व स्वराज ही तीन नावे मुख्य समजावी. आयशरचे जुने एंजिन हवेने थंड होणारे. त्यास पाण्याची टाकी नाही, म्हणून पाणी आटणे, जाळी गळणे हे रोग नाहीत. दुष्काळी मुलखात हा गुण लहान म्हणता येणार नाही. पंचवीस अश्वशक्तीचा आयशर एका सिलिंडरचा असल्यामुळे त्याचा ठोका दुरून ओळखू येतो. त्यास डिझेल बेताचे लागते व कमी भागांमुळे त्याची दुरुस्ती सोपी असते. परंतु एका सिलिंडरचे यंत्र हादरते फार, व मंद गतीने सरळ ओळ धरावयाच्या कामास हा हादरा चालविणाऱ्यास थकवितो. यास्तव आयशर आमच्याकडे ओढीच्या व मळणीच्या कामात अधिक रमला.

एचएमटी २५११ हा दोन सिलिंडरांचा, पाण्याने थंड होणारा. त्याची चाल मऊ, व मोगडा किंवा पेरणीयंत्र लाविले असता गती एकसारखी राहते. आमच्या अनुभवात पेरणीच्या कामास तिन्हींत हाच उजवा. पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. तेव्हापासून सुटे भाग मिळण्याची पंचाईत वाढत गेली, व पुष्कळ ठिकाणी एक एचएमटी चालू ठेवण्यासाठी दुसरा मोडावा लागतो.

स्वराज ७२४ ची कथा आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष जिव्हाळ्याची आहे. आखणी दुर्गापूरची, बांधणी पंजाबातली, पण त्याचे आरंभीचे दोन सिलिंडरांचे एंजिन पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कारखान्याचे. ज्या घराण्याने कुणब्याच्या हाती लोखंडी नांगर दिला, त्याचेच एंजिन पुढे नांगर ओढू लागले. हीच जातीची किर्लोस्कर एंजिने विहिरींवर पाणी उपसण्यास गावोगाव असल्यामुळे त्यांची नाडी जाणणारे कारागीर लहान गावांतही होते. दुरुस्तीच्या कसोटीवर म्हणून स्वराज पहिला. बी-२७५ मात्र पस्तीस अश्वशक्तीचा. तो लहानांत मोडत नाही. नांगरट व उसाची ओढ यांत त्याची योग्यता निर्विवाद आहे, पण हलक्या कामास तो अंगाने मोठा पडतो.

याखेरीज जपानी धर्तीची दोन चाकांची, मागून चालत हाकावयाची यंत्रेही १९६० नंतर भारतात आली. भाताच्या खाचरांत ती यशस्वी झाली. आमच्या चिकण जमिनीत दिवसभर त्या यंत्रामागे चालणे बैलांमागे चालण्याहून कष्टाचे, म्हणून त्यांचा प्रसार कोरडवाहू भागात बेताचाच राहिला.

(६)

आता कोळपणीचा हिशेब मांडू, कारण सर्व वादाचा निकाल येथे लागतो. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. पंचवीस अश्वशक्तीच्या वर्गात सर्रास आढळणारा मागचा टायर १२.४ इंच, म्हणजे साडेएकतीस सेंटिमीटर रुंद असतो. तो दोन ओळींच्या मधोमध नेमका चालला तरी दोन्ही बाजूंस पावणेसात सेंटिमीटर तेवढी जागा उरते. ड्रायव्हरचा हात वीतभर नव्हे, चार बोटे हलला तरी पीक चाकाखाली जाते. दोन चाकांमधील अंतरही ४५ च्या पटीत, म्हणजे १३५ सेंटिमीटर, असावे लागते. फर्ग्युसनच्या मापांपैकी ५२ इंच, म्हणजे १३२ सेंटिमीटर, हे त्याच्या जवळ येते. पण आमच्या गावांत चाकांतील अंतर बदलण्याची दगदग सहसा कोणी करीत नाही. ज्या मापाने यंत्र कारखान्यातून आले, त्याच मापाने ते भंगारात जाते.

उलट बैलांची व्यवस्था पाहावी. कोळप्याचे जू नांगराच्या जुवाहून लांब असते, म्हणजे बैल आपापल्या ओळीतून चालतात. तोंडास मुसकी असते, म्हणजे पिकास तोंड लावीत नाहीत. एकाच जुवास दोन-तीन कोळपी जोडून प्रत्येकामागे एक माणूस चालू शकतो. दीड ते दोन टनांचा ट्रॅक्टर ज्या ओलीत शिरताच जमीन दाबून टाकील, त्या ओलीत आठ-नऊ क्विंटलांची जोडी हलक्या पावलांनी जाऊन येते. तात्पर्य, वरील तिन्ही ट्रॅक्टरांनी नांगरट, मोगडणी, पेरणी व मळणी ही कामे कमीअधिक योग्यतेने केली. कोळपणी एकानेही नीट केली नाही.

ही अडचण आपल्यापुरती नव्हे. अमेरिकेतही आरंभीचे ट्रॅक्टर नांगरीत व मळणीयंत्र फिरवीत. ओळींतील निंदणी घोडेच करीत. १९२४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने 'फार्मऑल' हा उंच, पुढची चाके जोडून आणलेला ट्रॅक्टर केवळ ओळींच्या पिकासाठी काढला, तेव्हा कोठे तेथील घोड्याची गरज संपली. म्हणजे तेथे हलक्या कामाचे यंत्र आधी झाले व जनावर मागाहून गेले. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला, आणि आमच्या मते या प्रांताच्या अलीकडील शेतीच्या इतिहासातील हीच मुख्य गोष्ट होय.

(७)

ती कशी, हे सांगणे अवश्य आहे. बैलजोडी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस खाते. नांगरट, मोगडणी, मळणी, गाडीची ओढ ही कामे ट्रॅक्टराकडे गेल्यावर तिच्याकडे कोळपणीचे व पेरणीचे थोडे दिवस उरले. तेवढ्यासाठी जोडी पोसणे पाच एकरांच्या धन्यास परवडेनासे झाले. त्यातच गेल्या तीस वर्षांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ज्वारी कडबा देत असे. सोयाबीनचे गुळी तशी वैरण देत नाही. म्हणजे ज्या पिकाने रोकड दिली त्यानेच गोठ्याचा घास काढून घेतला. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांमधील सात वर्षांत सबंध देशातील नर गोधन सुमारे तीस टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टराने बैलाचे हलके काम घेतले नाही. पण जड काम घेऊन हलक्या कामाचा बैलही नाहीसा केला.

बैल गेले तशी सावडही गेली. दोन घरी एकेक बैल असला म्हणजे मिळून औत होई, व वाफशाच्या दिवशी कोणाचे शेत आधी हे आपसांत ठरे. ट्रॅक्टर एकराच्या भावाने येतो. ज्याचे शेत मोठे व सडकेवर, त्याच्याकडे तो आधी जातो. आडवळणाच्या दोन एकरांस तो येईतो वाफसा उडालेला असतो. आमच्या स्वतःच्या तुकड्यात एका साली असेच झाले. भाड्याचा ट्रॅक्टर ठरल्या दिवसानंतर पाचव्या दिवशी आला, तोवर जमीन वाळून ढेकळे निघाली, व पेरा विरळ उगवला. आमचे पोट निवृत्तिवेतनावर चालते. त्यामुळे ही हकिकत आम्हांस सांगण्यापुरती झाली. ज्याचे पोट त्या दोन एकरांवर आहे, त्याची गोष्ट निराळी.

२०२५ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने बैलाच्या जागी स्वतःस जुंपून घेतले व त्याच्या पत्नीने मागे औत धरले, हे दृश्य सर्व देशाने पाहिले. पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, मदतही गेली. पण ते काम जड नव्हते, हलके होते, हे फारसे कोणी बोलले नाही. नांगरट असती तर भाड्याने झाली असती. अडले ते ओळींमधले काम, ज्यास ट्रॅक्टर चालत नाही व बैल उरले नाहीत. १६७६ च्या आज्ञापत्रातील कुणबी ज्या जागी अडून बसला होता, नेमक्या त्याच जागी हे दांपत्य उभे होते.

(८)

अलीकडे पंधरा-वीस अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर बाजारात आले आहेत. कपाशीच्या ओळींतून जाता यावे अशी त्यांची आखणी असते. परभणीचे कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी करण्याची शिफारस करते. तीत सरीची वाट मोकळी राहत असल्यामुळे चाकास फिरण्यास जागा मिळते. म्हणजे यंत्रास शेताजोगे करण्याचा व शेतास यंत्राजोगे करण्याचा, असे दोन्ही यत्न चालू आहेत. २०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून भाड्याच्या अवजार केंद्रांसही साहाय्य मिळते. हे सर्व इष्टच आहे. मात्र अशा केंद्रात पन्नास अश्वशक्तीचे एक धूड उभे करण्यापेक्षा चार अरुंद लहान यंत्रे असावी, म्हणजे एका वाफशात चार शेते साधतील, एवढी सूचना इतिहासाच्या आधारे करण्यास आम्ही कचरत नाही. बळाची बेरीज व कामाची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या ट्रॅक्टरांनी आपल्या पदरचा पैका खर्चवून आपल्यास शिकविले आहे.

राहता राहिली संशोधकांची जबाबदारी. जुना आयशर वा एचएमटी भंगारवाल्याकडे गेला म्हणजे लोखंड वितळून दुसऱ्या रूपाने राहते. पण त्याचे नोंदणीपुस्तक, बँकेचे कर्जखाते, दुरुस्तीची वही, कोणाच्या शेतात किती एकर केले याची ड्रायव्हरने ठेवलेली टिपणे ही सर्व जातात. पन्नास वर्षांनी या प्रांताचा इतिहास लिहिणारास हे कागद गावझाड्यांइतकेच मोलाचे वाटतील. त्याचबरोबर तिफण, चाडे, रुमणे, जानवळे, मुसकी या वस्तू व त्यांची नावेही गोळा केली पाहिजेत; कारण तरुण पिढीस ही नावे आता कोशात पाहावी लागतात. गावोगावचे शिक्षक व निवृत्त तलाठी यांनी मनावर घेतले तर एका तालुक्याची यादी एका उन्हाळ्यात होण्यासारखी आहे. कंधार तालुक्यातील काही गावांपासून आम्ही आरंभ केला आहे.

गेल्या पोळ्यास त्यांपैकी एका गावी आम्ही गेलो होतो. वेशीत तोरण होते, वाजंत्री होती. जोड्या अकरा आल्या, ट्रॅक्टर सतरा. त्यांत एक जुना एचएमटी होता. त्याच्या पुढच्या जाळीस बेगड व झूल बांधली होती, व धन्याने त्यासही पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला. काहीजण हसले. आम्हांस त्यात हसण्याजोगे काही दिसले नाही. जो ओढतो त्याची वर्षातून एकदा पूजा करावी, ही रीत त्या माणसाने चुकविली नाही, इतकेच.